आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र: गच्चीवरच्या कूलिंग टॉवरची नोंद कोण ठेवणार?

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

मी मोठ्या इमारतींच्या एसी प्लांटवर काम करतो. चिलर, पंप, कूलिंग टॉवर हे माझं रोजचं. हे पत्र लीजनेअर्स या न्यूमोनियाबद्दल आहे. डेंग्यू, मलेरिया, लेप्टो यांचे आकडे दर पावसाळ्यात पेपरात येतात. याचं नाव कुठेच नसतं. माझ्या मते आपण तो शोधतच नाही, म्हणून दिसत नाही. दिल्लीच्या एम्समधल्या संशोधकांनी शोधला, तर सापडला.

जुलै १९७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेचं अधिवेशन भरलं आणि घरी परतलेली माणसं न्यूमोनियाने आडवी झाली. १८२ जण आजारी पडले, २९ दगावले. जंतू हाती लागायला जानेवारी १९७७ उजाडला. लीजनेला हा जंतू गोड्या पाण्यात थोडाफार असतोच. २५ ते ४५ अंशांच्या कोमट, साचलेल्या पाण्यात तो फोफावतो. ते पाणी श्वासावाटे, बारीक तुषारांतून फुप्फुसात गेलं की बहुधा २ ते १० दिवसांत ताप, खोकला, जुलाब, कधी भ्रम. एकाकडून दुसऱ्याला तो सहसा लागत नाही. वयस्कर, विडी-सिगारेट ओढणारे, मधुमेही, प्रतिकारशक्ती कमी झालेले रुग्ण यांना धोका जास्त, आणि साधारण दहा रुग्णांत एक दगावतो.

आता कूलिंग टॉवरचं सांगतो. एसी प्लांटमध्ये तापलेलं पाणी हवेने गार करणारी ही गच्चीवरची मोठी पेटी. आत प्लॅस्टिकच्या नागमोडी पत्र्यांचे थर असतात, आम्ही त्याला फिल म्हणतो. कंडेन्सरवरून, म्हणजे एसीची उष्णता पाण्यात सोडणाऱ्या भागातून आलेलं पस्तीस-एक अंशांचं पाणी त्यावर पडतं, वरचा पंखा हवा ओढतो आणि थोडं पाणी तुषार होऊन बाहेर जातं. ते अडवायला ड्रिफ्ट एलिमिनेटर बसवलेले असतात. त्यांचा एखादा तुकडा तुटला तर महिनोन्‌महिने तसाच राहतो, कारण त्याने कूलिंग कमी होत नाही आणि कोणाची तक्रार येत नाही. खालच्या बेसिनला हात लावला की बुळबुळीत थर लागतो. जंतूचं घर तेच. त्या थरातल्या अमीबांच्या पोटात तो वाढतो, आणि तिथे क्लोरीनही त्याला नीट गाठत नाही.

आमच्या लॉगबुकात टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार), पीएच, हार्डनेस रोज लिहिले जातात. हे सगळं कशासाठी, तर कंडेन्सरच्या नळ्यांत क्षार बसू नये, वीजबिल वाढू नये म्हणून. मशीनची काळजी चोख! लीजनेलाचा रकाना मात्र मी भरलेल्या एकाही लॉगबुकात नव्हता. एएमसीच्या, म्हणजे वार्षिक देखभालीच्या करारातही ही तपासणी सहसा नसते, आणि करारात नाही ते काम कोणी फुकट करत नाही, मीसुद्धा.

२०१५ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात १३८ जण आजारी पडले आणि १६ मृत्यू झाले. उगम निघाला एका हॉटेलच्या कूलिंग टॉवरमध्ये. साथ सुरू झाली तेव्हा शहरात असे टॉवर किती आणि कुठे आहेत याची यादीच महापालिकेकडे नव्हती. ती शोधत गच्च्या पालथ्या घालाव्या लागल्या. त्याच ऑगस्टमध्ये कायदा झाला: प्रत्येक टॉवरची नोंदणी आणि नियमित तपासणी. तरीही २०२५ च्या उन्हाळ्यात हार्लेममध्ये ११४ रुग्ण आणि ७ मृत्यू झाले, आणि मधल्या काळात सरकारी तपासण्या रोडावल्या होत्या अशी टीका तिथे झाली. म्हणजे नुसतं रजिस्टर पुरत नाही, वर चढून बघणारा माणूसही लागतो.

असा माणूस आपल्याकडे आहे. मुंबई महापालिकेच्या कीटकनाशक विभागाचे कर्मचारी डासांच्या अळ्या शोधायला गच्चीवर चढतात, टाकीचं झाकण तपासतात, नोटीस देतात. टाकीशेजारी घरघरणारा टॉवर त्यांच्या कामाच्या कक्षेतच येत नाही. त्याच फेरीत टॉवरची नोंद, मालकाचं नाव आणि शेवटच्या सफाईची तारीख लिहून घ्यायला कितीसा वेळ लागेल? पाण्याचा नमुना घ्यायला मात्र वेगळं प्रशिक्षण आणि मास्क हवा, त्यात कसूर नको.

दुसरी गोष्ट निदानाची. न्यूमोनियाच्या रुग्णाला पेनिसिलिनच्या घरातली औषधं दिली तर ती इथे लागू पडत नाहीत, कारण जंतू पेशींच्या आत दडतो. ॲझिथ्रोमायसिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन लागतं. अनेकदा डॉक्टर ॲझिथ्रो आधीच जोडतात. मग रुग्ण बरा होतो, टॉवर तसाच राहतो आणि शेजारच्या इमारतीतला पुढचा माणूस आजारी पडतो. लघवीवरून होणारी अँटिजेन तपासणी या जंतूचा एकच, पण सर्वांत जास्त आढळणारा प्रकार पकडते. ती किमान वैद्यकीय महाविद्यालयांच्या आणि जिल्हा रुग्णालयांच्या आयसीयूत गंभीर न्यूमोनियाला व्हावी, आणि सापडलेला रुग्ण कळवणं बंधनकारक असावं. १८९७ चा साथरोग कायदा मुंबई-पुण्याच्या प्लेगात आला. त्याखाली नियम काढण्याचे अधिकार राज्याकडे आहेत, ते कोविडमध्ये वापरलेही. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्यावर जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले तेव्हा मोजणी झाली, पाण्याचे नमुने गेले. पण तो प्यायच्या पाण्याचा प्रश्न होता. नाकावाटे जाणाऱ्या पाण्याचा विचार करायची आपल्या यंत्रणेला सवयच नाही.

रुग्णालयांचं गरम पाणीही यातच येतं. टाकीत ते ६० अंशांवर ठेवलं तर जंतू टिकत नाही. पावसाळ्यात सोलरचं पाणी कोमटच राहतं आणि तेच वॉर्डातल्या शॉवरला येतं.

सुरुवात मॉल आणि आयटी पार्कपासून करू नका, ते वकील घेऊन येतील. आधी सरकारी रुग्णालयांच्या गच्च्या घ्या. तिथे चढायला आपल्याला कोणाची परवानगी लागत नाही.

आपला,
एक एसी प्लांट ऑपरेटर