थडग्यातला आवाज

प्रिय माधव,

सप्रेम नमस्कार.

बऱ्याच दिवसांनी लिहीत आहे. प्रकृती ठीक आहे. गुडघा आपल्या मर्जीने दुखतो. लिहिण्याचे कारण असे, की ते दुसऱ्या कोणाला सांगितले तर तो हसेल. माझ्या अनुवादातल्या म्हाताऱ्या उमरावाचा आवाज मूळ इंग्रजीत 'सेपल्क्रल' आहे, म्हणजे थडग्याचा, थडग्यासारखा खोल किंवा उदास. मी 'थडग्यातून घुमत यावा तसा आवाज' असे लिहिले होते. संपादकांना ते लांबण वाटले आणि त्यांनी 'स्मशानशांत आवाज' केले. शांत असलेला आवाज ऐकू कसा येतो, हे त्यांनाच ठाऊक!

'स्मशानकळे'वरून आपले जे भांडण झाले होते, ते तुला आठवेलच. उदासी दाखवायला मराठीला थडग्याची गरज नाही, स्मशान पुरेसे आहे, असे तू ठणकावले होतेस. चेहऱ्यापुरते ते मी आजही मान्य करतो. 'सुतकी चेहरा', 'प्रेतकळा', 'लग्नघराला आलेली स्मशानकळा' यांच्यापुढे तो इंग्रजी शब्द फिकाच पडतो. आवाजाचे मात्र तसे नाही. लॅटिनमध्ये 'सेपेलिरे' म्हणजे पुरणे आणि त्यावरून 'सेपल्क्रम' म्हणजे थडगे. म्हणजे मुळात शब्दात उदासी नाही, बंदिस्त जागा आहे. दगडी पोकळीत आवाज खोल होतो, घुमतो. आपले स्मशान उघड्यावर असते, तिथे तो विरून जातो. शिवाय 'स्मशान' या शब्दामागे चिता येते, आणि आमचा उमराव तर पुरला जाणार आहे.

'समाधी' सुचवू नकोस. त्या शब्दात ध्यान आधी येते, मरण मागाहून, आणि खिन्नता येतच नाही. पुढच्या प्रकरणात 'सेपल्क्रल' हेच विशेषण शिलालेखाला लागले आहे. पुराणवस्तू अभ्यासणारे ते अगदी कोरडेपणाने वापरतात. त्याचा अर्थ 'थडग्यावरचा लेख' एवढाच. तिथे संपादकांनी 'विषण्ण शिलालेख' केला आहे. दगडाला एवढे दुःख कशाचे, असे मी समासात लिहिले. त्यांना ते आवडले नाही.

वहिनींचे डोळ्याचे काम नीट पार पडल्याचे कळले, बरे वाटले. लेकीला नव्या नोकरीसाठी आशीर्वाद.

मुद्रिते शुक्रवारी परत द्यायची आहेत. 'पोकळ, घुमणारा आवाज' यावर तडजोड करू, की थडग्यासाठी भांडू, एवढेच त्याआधी कळव. 'स्मशान' हा शब्द असलेले उत्तर स्वीकारले जाणार नाही.

तुझा,
वसंत