गव्हर्नरला विचारले म्हणजे बेटाला विचारले, असे नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मल्ल्या, नीरव मोदी, चोक्सी यांच्या प्रत्यार्पणाची बातमी आली की 'लंडनची कोर्टे आरोपींना पाठीशी घालतात' यापलीकडे आपल्याकडची चर्चा जात नाही. राष्ट्रकुलातल्या प्रत्यार्पणाच्या व्यवस्थेत ब्रिटनच्या ताब्यातले छोटे प्रदेशही येतात, त्यांच्याकडे तर कुणी बघतही नाही. बर्म्युडा, केमन, ब्रिटिश व्हर्जिन बेटे, माँटसेराट, जिब्राल्टर, सेंट हेलेना ही त्यातली काही नावे.

१९६६ साली राष्ट्रकुलातल्या कायदामंत्र्यांनी लंडनमध्ये फरारी आरोपी परस्परांकडे सोपवण्याची योजना ठरवली. तो करार नव्हता. प्रत्येक देशाने त्या धर्तीवर स्वतःचा कायदा करायचा होता. तेव्हा वसाहती असलेल्या या प्रदेशांना हा अधिकार कुठला? त्यांना ब्रिटनने केलेला कायदा लंडनच्या आदेशाने लागू झाला. पुढे ब्रिटनने स्वतःपुरता २००३ मध्ये नवा कायदा केला, पण यातल्या बहुतेक प्रदेशांना तो लागू करणारा आदेश निघायला २०१६ उजाडले.

म्हणून या व्यवस्थेचा फेरविचार होईल तेव्हा त्या प्रदेशांचे मत आधी घ्यावे, आणि ते गव्हर्नरकडून नव्हे तर तिथल्या निवडून आलेल्या सभागृहाकडून, न्यायाधीशांकडून, वकिलांकडून घ्यावे. प्रत्यार्पणाच्या बाबतीत ब्रिटनमध्ये गृहमंत्र्यांकडे असलेले काम तिथे गव्हर्नर करतो, आणि गव्हर्नर लंडननेच पाठवलेला असतो. त्याचे मत मागवणे म्हणजे लंडनने लंडनलाच विचारणे. परराष्ट्र व्यवहार लंडनकडे आहेत, हे मान्य. पण आरोपी उभा राहतो बेटावरच्या मॅजिस्ट्रेटपुढे आणि राहतो तिथल्याच तुरुंगात. जेमतेम चार-पाच हजार वस्तीच्या माँटसेराटला अब्जावधींच्या बँक घोटाळ्याची कागदपत्रे तपासायला किती माणसे लागतील, हे व्हाइटहॉलमध्ये, म्हणजे लंडनच्या सरकारी कचेऱ्यांत, बसून कळणार नाही.

हे प्रदेश म्हणजे फक्त फरारींचे आश्रयस्थान, असेही नाही. कधी ते स्वतःच आरोपी मागत असतात. हाँगकाँग ब्रिटिश वसाहत असताना तिथल्या बँक घोटाळ्यातले आरोपी लॉरेन उस्मान यांना १९८५ मध्ये लंडनमध्ये अटक झाली. एकामागून एक अर्ज होत राहिले आणि ते हाँगकाँगच्या हाती लागले १९९२ च्या अखेरीस. सात वर्षे! कायद्यात नेमके कुठे घोडे अडते, हे तिथल्या सरकारी वकिलांइतके कुणाला ठाऊक असणार?

महाराष्ट्राला तर हा विषय परका वाटायला नको. मार्च १९१० मध्ये सावरकरांना लंडनमध्ये पकडून मुंबईला धाडले गेले, ते साम्राज्याच्या १८८१ च्या फरारी आरोपी कायद्याखाली. परकीय देशांसाठीच्या १८७० च्या कायद्यात राजकीय गुन्ह्याला अपवाद होता, म्हणजे त्यासाठी आरोपी सोपवला जात नसे; साम्राज्यांतर्गत कायद्यात मात्र नव्हता. तो कायदा करताना हिंदुस्थानातल्या कुणाला विचारण्याचा प्रश्नच नव्हता. स्वतंत्र झालेले देश बरोबरीने टेबलाभोवती बसले, तेव्हा १९६६ च्या योजनेत तो अपवाद आला.

अर्थात मत विचारणे म्हणजे नकाराधिकार देणे नव्हे. यातल्या काही बेटांची अर्थव्यवस्थाच परदेशी कंपन्यांच्या नोंदणीवर चालते. त्यांना 'विचार करतो' म्हणत वर्षानुवर्षे घालवू देऊ नये. उत्तराची मुदत ठरवावी आणि आलेली उत्तरे जाहीर करावीत.

या बाबतीत दिल्लीही काही कमी नाही. १९८१ पासून स्वतंत्र असलेल्या अँटिग्वाने राष्ट्रकुलातला देश म्हणून भारताला आपल्या प्रत्यार्पण कायद्याखाली २००१ मध्येच अधिसूचित केले होते, म्हणजे तो कायदा भारताला लागू असल्याचे जाहीर केले होते. आपली अधिसूचना निघाली ऑगस्ट २०१८ मध्ये, चोक्सी तिथे जाऊन बसल्यावर. राष्ट्रकुलाच्या कायदामंत्र्यांच्या पुढच्या बैठकीत भारताने ब्रिटनच्या प्रदेशांचा विषय स्वतःहून मांडावा आणि त्यांच्या प्रतिनिधींना तिथे बोलू देण्याचा आग्रह धरावा.

आपला,
एक वाचक, नाशिक