गुरुजींची तारीख, आजीची तिथी

पुणे, 1 जून

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, सकाळी सातलाच बँकेचा वाढदिवसाचा मेसेज आला असेल. विमावाल्यांचाही. माझा फोन मात्र आला नाही, आणि आई म्हणाली असेल, पोरगी विसरली. विसरले नाही. आज तुमचा वाढदिवस नाहीच, हे मला आता पक्कं कळलंय आणि खरा कधी तेही सापडलंय. फोनवर सांगितलं असतं तर तुम्ही "बरं बरं, जेवलीस का?" म्हणून मोकळे झाला असता. म्हणून हे पत्र.

तुमच्या वयाच्या निम्म्या गावाचा वाढदिवस आज आहे, हे तुम्हीच हसत सांगता. शाळा जूनमध्ये उघडायची, पोराची सहा वर्षं पूर्ण दाखवायची असायची, आणि जन्मतारीख घरात कुणालाच ठाऊक नसायची. मग गुरुजी रजिस्टरात लिहून टाकायचे, 1 जून. तुमच्या दाखल्यावर 1 जून 1960 आहे. त्यात तुम्ही लागलात एसटीत, आणि एसटीची पहिली गाडी पुण्याहून अहमदनगरला सुटली तीही 1 जूनलाच, 1948 साली. त्यामुळे महामंडळाच्या वर्धापनदिनाचे पेढे वाटले जायचे त्यातच तुमचेही उरकायचे. याचं तुम्हाला केवढं कौतुक!

आजीला ही तारीख कधी पटली नाही. "मास्तरानं जल्म दिला व्हय रं तुला?" असं म्हणायची. ती जायच्या आधीच्या दिवाळीत मी तिच्यापाशी बसून फोनवर रेकॉर्ड केलं होतं, आठवतंय? मागच्या महिन्यात ते पुन्हा ऐकलं. मध्ये कोंबडी ओरडते, आई कुकर लावते, आणि मग आजी सांगते:

"पुण्याचं धरण फुटलं का न्हाई, त्या साली. माझा भाऊ शनवार पेठंत ऱ्हायाचा. पाणी वसरल्यावर अंगावरच्या कापडानिशी आला. त्यो हितं असतानाच आषाढी आली. सोमवार बी त्योच. म्हटलं, एका उपासात दोन देव झालं. वरी टाकली हुती चुलीवर, ती काय उतरवाया झाली न्हाई."

बघा, एवढ्यात तिने चार खुणा दिल्यात. पानशेत, आषाढी, सोमवार, आणि चुलीवरची वरी. गुरुजींकडे यातली एकही नव्हती.

पानशेत फुटलं 12 जुलै 1961 ला. म्हणजे दाखल्यातलं सालच चुकलं. आता 1961 ची आषाढी कधी होती? जुनं पंचांग माझ्या हाताशी नव्हतं, पण तुम्हीच लहानपणी शिकवलेला हिशोब होता. चंद्राचं वर्ष 354 दिवसांचं, सूर्याच्या वर्षाहून अकराएक दिवसांनी तोकडं. ते भरून काढायला अधिक महिना. 19 वर्षांत असे सात अधिक येतात, सगळे मिळून 235 चांद्रमास, आणि तिथी फिरून जवळजवळ त्याच तारखेला येते. 1961 मध्ये तीन एकोणीस मिळवले की 2018.

आणि 2018 चं कालनिर्णय आपल्याकडे आहे! तुमच्या रिटायरमेंटचं साल म्हणून आईने ते रद्दीत घातलं नाही. मध्यंतरी आले होते तेव्हा कपाटावरून काढलं. 31 मेभोवती तुमचा लाल गोल. पुढच्या पानांवर आईचा दुधाचा हिशोब, कुठे 'अर्धा लि.', कुठे 'नाही'. 23 जुलैच्या चौकोनात आषाढी एकादशी, आणि त्याखाली 'नाही'. 1961 सालीही मग 23 जुलैच असणार म्हणून मी खूश झाले. वार काढला तर रविवार.

आजी सोमवार म्हणते. दोन दिवस मी तिलाच चुकीचं ठरवत होते, तेही तिच्या माघारी. मग लक्षात आलं की हा एकोणीसचा हिशोब नेमका नाही, एखादा दिवस मागेपुढे होतो. चंद्र काही एका चालीने चालत नाही. पृथ्वीच्या जवळ असला की भराभर पुढे सरकतो, लांब असला की रेंगाळतो. त्याने तिथी लहानमोठ्या होतात. आमच्या इथल्या एका गुरुजींकडे (हे पूजेचे, शाळेचे नव्हेत) जुन्या पंचांगांचा गठ्ठा आहे. त्यांनी शके 1883 चं काढलं, बोट फिरवलं आणि म्हणाले, "आषाढ शुद्ध एकादशी, सोमवार." 24 जुलै 1961. पानशेत फुटल्यापासून बरोबर बारावा दिवस. मला तिथे रडू आलं, त्यांना वाटलं पत्रिकेत काही वाईट निघालं.

याचा व्यवहारी अर्थ कळला ना? गुरुजींनी तुम्हाला जवळजवळ चौदा महिन्यांनी मोठं केलं. 31 मे 2018 ला तुम्हाला हार घालून घरी पाठवलं तेव्हा तुम्हाला अठ्ठावन्न नव्हे, सत्तावन्नही पुरी व्हायची होती. त्या चौदा महिन्यांच्या पगारात स्वयंपाकघराचा पत्रा जाऊन स्लॅब पडला असता, असं आई म्हणणार. म्हणू दे. पण त्याच गुरुजींनी तुम्हाला वर्ष वाया न घालवता शाळेत बसवलं, हेही तिला सांगा.

तारखांनी माणूस फसतो याचं आणखी एक सांगते, रागावू नका. दर संक्रांतीला तिळगूळ हातावर ठेवताना तुम्ही पानिपत काढता, 14 जानेवारी 1761, ऐन संक्रांतीला मराठ्यांवर संक्रांत आली. तारीख खरी आहे, पण त्या साली संक्रांत चारएक दिवस आधीच होऊन गेली होती. विवेकानंद जन्मले ती 1863 ची संक्रांत 12 जानेवारीला होती, त्यावरून ताडून पाहा. आपली संक्रांत ताऱ्यांच्या हिशोबाने चालते, ते वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा वीसेक मिनिटांनी मोठं, म्हणून सत्तर-बहात्तर वर्षांत ती एक दिवस पुढे सरकते. सूर्य तर 22 डिसेंबरच्या सुमारासच उत्तरेकडे वळलेला असतो. तरी तुम्ही पानिपत काढत जा. त्याशिवाय मला तिळगूळ गोड लागत नाही.

खरं म्हणजे मला दुसरंच लिहायचं होतं. आषाढीला तुम्ही कधी घरी होतात? मला तरी आठवत नाही. पंढरपूरच्या जादा गाड्या सुटल्या की आठ-आठ दिवस तुमचा पत्ता नसायचा. परत यायचात ते पायाला चिखल, आवाज बसलेला, तिकिटांच्या पेटीचा पट्टा खांद्यावर उमटलेला, आणि पिशवीत बुक्क्याची पुडी नि चुरमुरे. आई विचारायची, "दर्शन झालं?" तुम्ही म्हणायचात, "कळसाचं झालं." म्हणजे पस्तीस वर्षं तुम्ही तुमचा खरा वाढदिवस लोकांना विठोबाकडे पोचवण्यात घालवलात आणि तुम्हाला ते ठाऊकही नव्हतं. त्या रेकॉर्डिंगमध्ये शेवटी आजी हसत म्हणते, "द्येव झोपला आन् ह्यो उठला." देवशयनीचा एवढा चांगला अर्थ मला कुणी सांगितला नव्हता.

तर यंदा आषाढीला मी दोन दिवस रजा टाकून येते. केक आणणार नाही, एकादशीला अंड्याचा प्रश्न नको. वरीचा भात आणि दाण्याची आमटी करू, आणि या वेळी वरी वेळेवर उतरवू.

आता आई. तू गप्प बसून वाचते आहेस, 'आणि माझं काय?' म्हणत. तुझ्या आधारवर 1 जानेवारी आहे, ती तर आणखी कुणाच्या तरी घाईची. तुझी आई सांगायची, कोयनेचा भूकंप झाला तेव्हा तू रांगत होतीस आणि पहाटे पाळण्यातून उचलून तुला अंगणात आणलं. तो भूकंप 11 डिसेंबर 1967 चा. आणि तुझा जन्म शिमग्यातला, एवढं नक्की. म्हणजे त्याच वर्षीचा मार्च. पण मोठी मावशी म्हणते होळी पेटवून आलो आणि तू झालीस, आणि मामा म्हणतो त्याच्या अंगावर रंग होता. आपल्याकडे रंग खेळतात रंगपंचमीला, म्हणजे पाच दिवसांचा फरक पडतो. मामाला एकदा नीट विचार, रंग होता की धुळवडीची राख होती. त्याला राख आठवली तर मावशीचं खरं.

बाबांच्या गोळ्या संपत आल्या असतील, शुक्रवारी पाठवते.

तुमची,
सुमी