दुसऱ्या कोणत्या गोळ्या चालू आहेत?

आपल्या आरोग्य पुरवणीतील गुडघेदुखीवरचा लेख उपयुक्त आहे; मात्र डायक्लोफेनॅक या वेदनाशामक गोळीबाबत 'जेवणानंतर घ्यावी' एवढाच सल्ला अपुरा वाटतो. पोटात अन्न असले की जळजळ कमी होईल, पण मूत्रपिंडावरचा परिणाम त्याने टळत नाही. गुडघे दुखू लागण्याच्या वयात अनेकांना रक्तदाबाचे औषध चालू असते. टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल, सोबत लघवी वाढवणारी गोळी आणि त्यात डायक्लोफेनॅक असे तिन्ही एकत्र आले की मूत्रपिंड अचानक निकामी होऊ शकते. उन्हाळ्यात किंवा जुलाब होत असताना तर धोका अधिकच. वॉरफेरिन हे रक्त पातळ करणारे औषध घेणाऱ्यांना या गोळीमुळे रक्तस्रावाची भीती वेगळीच. हृदयविकार असलेल्यांनी डायक्लोफेनॅक घेऊ नये, असे युरोपीय औषध नियामक संस्थेने २०१३ मध्येच बजावले आहे.

आपल्याकडे हे औषध 'शेड्यूल एच'मध्ये आहे, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. तरीही पट्टीतून दोन-चार गोळ्या कापून सर्रास दिल्या जातात आणि छापील इशारा दुकानातच राहतो. निदान 'दुसऱ्या कोणत्या गोळ्या चालू आहेत?' एवढे तरी औषध विक्रेत्याने प्रत्येक ज्येष्ठ ग्राहकाला विचारलेच पाहिजे.

– एक वाचक, सांगली