शेवटच्या भागांबद्दल वैशूला

प्रिय वैशू,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालीस, "मालिकेचा शेवट नाही आवडला तर सोडून दे ना, पंधरा भाग तर छान गेले!" तेव्हा घाईत होते, पण ते काही मला पटलेलं नाही. म्हणून आज सविस्तर लिहायला बसले.

आपण दोघी कोरियन मालिकांकडे वळलो ते कशासाठी, आठव. आपल्याकडची मालिका वर्षानुवर्षं चालते आणि मूळ गोष्ट कधीच मागे पडते. तिथे सोळा भागांत गोष्ट संपते, म्हणून पहिल्या भागापासून लेखकावर विश्वास टाकून बघता येतं. यांना कुठे जायचंय ते यांना ठाऊक आहे, असं धरून चालतो आपण. शेवट फसला की मागचे पंधरा भागही पहिल्यासारखे राहत नाहीत गं.

'रीबॉर्न रिच'च घे. सुनयांग या बड्या उद्योगसमूहाच्या मालक घराण्याची पडेल ती कामं करणारा युन ह्यून-वू मारला जातो आणि १९८७ साली त्याच घराण्यातला धाकटा नातू जिन दो-जुन म्हणून जागा होतो. निवडणूक कोण जिंकणार, सोलजवळच्या बुंदांगच्या जमिनीला कधी भाव येणार, १९९७ साली देशावर आयएमएफचं संकट (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीपुढे हात पसरायला लावणारी ती आर्थिक पडझड) कसं कोसळणार, सगळं त्याला आधीच माहीत. पण ती मालिका मी या हुशारीसाठी बघितलीच नाही. मी बघितली ती आजोबांसाठी. भाताच्या गिरणीतून एवढं साम्राज्य उभं करणारा, पोटच्या पोरांवरही भरवसा न ठेवणारा जिन यांग-चुल. ली सुंग-मिनने काय उभा केलाय तो! नातवाला जोखताना त्याच्या डोळ्यांत संशय आणि कौतुक एकाच वेळी दिसतं. आजारपणात भ्रम होऊ लागलेल्या त्या म्हाताऱ्याला बघून मी रडले होते.

आणि शेवटच्या भागात काय? दो-जुन मरतो, ह्यून-वू इस्पितळात जागा होतो, मधे फक्त आठवडाभर गेलेला. दो-जुनच्या खुनात नकळत आपलाही हात होता, हे ओझं घेऊन तो सगळ्यांसमोर खरं बोलतो. मूळ वेब कादंबरीत असं नाही, तिथे दो-जुनच शेवटी समूहाचा प्रमुख होतो. कादंबरीपासून फारकत घेतली याचा मला राग नाही. प्रायश्चित्ताची कल्पना तर कादंबरीपेक्षा मोठी आहे. पण मग आजोबांनी जीव लावला तो नेमका कोणावर? ज्या नात्यावर सगळी मालिका उभी होती, त्याचं काय झालं हे विचारायलाही लेखकांनी वेळ ठेवला नाही. एवढी मोठी कल्पना एका भागात कोंबली.

तरी त्या रात्री कोरियात प्रेक्षकसंख्या २६.९ टक्क्यांवर गेली, त्या मालिकेचा उच्चांक. मला हे फार लागतं. लोक येतात ते आधीच्या भागांनी लावलेल्या ओढीमुळे, आणि आकड्याचं श्रेय जातं शेवटाला. वाहिनीला वाटणार, सगळं उत्तम चाललंय.

२०२४ मध्ये 'क्वीन ऑफ टिअर्स'चं तेच. पहिल्याच भागात शिकलेसवरलेले जावई सासरच्या पूर्वजांच्या श्राद्धाचा स्वयंपाक करत बसलेले, आठवतंय? लग्न मोडायला आलेलं जोडपं इतक्या बारकाईने क्वचितच कुणी दाखवलं असेल. आणि शेवटाकडे जर्मनीतलं ऑपरेशन, स्मृती जाणं, गाडीची धडक, अपहरण, गोळीबार. त्या जोडप्यातले ह्यून-वू (हा वेगळा, 'रीबॉर्न रिच'मधला नव्हे) आणि हे-इन एकमेकांशी बोलायला नुकते कुठे शिकले होते, तर त्यांना बोलू द्यायचंच नाही! शेवटच्या भागाला २४.८५ टक्के, टीव्हीएन वाहिनीचा विक्रम.

आता 'ट्वेंटी फाइव ट्वेंटी वन', ज्यावरून आपलं वाजलं होतं. तू म्हणतेस, पहिलं प्रेम असंच संपतं, हेच खरं. मान्य! दोघं वेगळे होणार हे तर आपल्याला सुरुवातीपासून दिसत होतं, नायिका ही-दोच्या मुलीचं आडनाव किम होतं आणि तिचा प्रियकर होता बेक यी-जिन. माझी तक्रार ताटातुटीची नाहीच. माझी तक्रार ही-दोची आहे. आयएमएफच्या संकटात शाळेतला तलवारबाजीचा संघ बंद पडला म्हणून ही पोरगी रडत बसली नाही, हट्टाने शाळा बदलून घेतली. मनातलं तोंडावर बोलणारी, हरली तरी पुन्हा उभी राहणारी. यी-जिन बातमीदार म्हणून न्यूयॉर्कला जातो, ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतरचं दुःख बघून आतून खचतो, आणि ही मुलगी वाट बघून थकते. हे होऊ शकतं. पण ते घडताना दाखवायला हवं होतं. दोन भागांत त्यांना गप्प केलं आणि वेगळं केलं. तिचा नवरा कोण, कसा, हे तर कधी सांगितलंच नाही. पुढे यी-जिन वृत्तनिवेदक म्हणून पडद्यावरून तिला लग्नाच्या शुभेच्छा देतो, तो प्रसंग इतका सुंदर आहे की मला वाटतं, त्याच्याआधीची वाट नीट बांधली असती तर ही मालिका मी सगळ्यात वर ठेवली असती.

ताटातूट नीट लिहिता येते गं. 'माय मिस्टर'मध्ये दोंग-हून आणि जी-आन एकत्र येत नाहीत, काही वर्षांनी भेटतात आणि हात मिळवतात. एवढंच. पण सोळा भाग ती दोघं एकमेकांना सावरत त्या क्षणापर्यंत आलेली असतात, म्हणून आणखी काही नको वाटतं. तू ती अर्धवट सोडलीस हे मला माहीत आहे. पहिले तीन-चार भाग जड आहेत, अंधारलेले आहेत, पण या वेळी नेटाने बघ. पुढे दोंग-हून आणि त्याच्या दोन भावांच्या गल्लीतली माणसं येतात, ती तुला आवडणारच.

आणि 'स्टार्ट-अप'मधल्या हान जी-प्योंगबद्दल माझं मत बदललेलं नाही, नायिका दाल-मीनं त्यालाच निवडायला हवं होतं. तिला दुसऱ्याच्या नावानं आलेली पत्रं त्यानं लिहिली, दाल-मीच्या आजीला मायेनं धरून राहिला तो. त्यावर तुझं काय म्हणणं आहे ते लिही, फोनवर नको.

काकूंना नमस्कार सांग.

तुझीच,
मंजू