अण्णांची येझदी आणि बारा व्होल्ट

कोल्हापूर,
जुलैअखेर

प्रिय दिन्या,

हे फोनवर सांगण्यासारखं नाही. फोनवर तू मला मध्येच तोडतोस, आणि या विषयावर तर हमखास तोडशील. म्हणून कागद घेऊन बसलोय. आधी पूर्ण वाच, मग काय शिव्या घालायच्या त्या घाल.

तब्येती ठीक. माझी शुगर आटोक्यात. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आता कोपऱ्यातली जळमटंसुद्धा दिसतात तिला, त्यामुळे घरात कुणाची धडगत नाही.

तर, अण्णांच्या येझदी मोटारसायकलचा डायनामो, म्हणजे बॅटरी चार्ज करणारं जनित्र, जळाला.

जुलैचा दुसरा रविवार म्हणजे आपला जावा-येझदी दिवस, आम्ही सगळे आंबा घाट उतरून साखरप्याला जेवायला गेलो होतो. निघायला उशीर झाला. चढ लागला आणि धुकं असं दाटलं की पुढच्या गाडीचा टेललाइट दिसेना. एका वळणावर ट्रकमागे वेग पडला आणि स्पीडोमीटरपाशी तो लाल दिवा लागला, तो विझेचना. हेडलाइट पिवळी पडली, मग नुसती फिलामेंट लाल दिसायला लागली. हॉर्न दाबला की इंजिन मिस. याचा अर्थ तुला सांगायला नको. ठिणगी बॅटरीवर, बॅटरी गेली की गाडी जागेवर. उरलेली बॅटरी इंजिनाला मिळावी म्हणून मी हेडलाइट बंद केली आणि एका दुधाच्या टेम्पोच्या मागे मागे वर आंबा गावापर्यंत आलो. मागे मुक्ता बसली होती. घाटभर पोरगी एक शब्द बोलली नाही. वर चहा घेताना तिच्या हातातली बशी वाजत होती. दिन्या, तो आवाज माझ्या कानातून जात नाही.

दुसऱ्या दिवशी आर्मेचर, म्हणजे डायनामोतला फिरणारा कॉइलचा भाग, काढून उद्यमनगरात नेलं. चाचांचं वाइंडिंगचं दुकान आता त्यांचा मुलगा बघतो, पण तो पंपाच्या मोटारी भरतो, याला हात लावत नाही. चाचांना घरून बोलावून आणलं. त्यांनी आर्मेचर ग्रोलरवर, म्हणजे कॉइल तपासायच्या चुंबकी यंत्रावर, ठेवलं, वर हॅकसॉ ब्लेडचा तुकडा धरला आणि सावकाश फिरवत गेले. एका खाचेवर ब्लेड थरथरायला लागलं. पुढच्या खाचेवर गप्प. परत फिरवलं, परत तिथेच. कॉइल शॉर्ट. कम्युटेटरवर, म्हणजे ब्रश घासतात त्या तांब्याच्या पट्ट्यांच्या कड्यावर, त्या बाजूच्या दोन पट्ट्या काळ्या पडलेल्या, मधला अभ्रक वर आलेला. दोष मुळात कटआउटचा, डायनामो बॅटरीला जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचा. त्याचे पॉइंट चिकटले की बॅटरीचा करंट उलटा डायनामोत शिरतो आणि तो बिचारा आतल्या आत भाजत राहतो. चाचा म्हणाले, "भरून देतो, पण कम्युटेटर आता लेथवर घ्यायला उरला नाही." चाचांचं वय झालंय, डोळे गेलेत. पुढच्या वेळी हे कोण भरणार? म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला, आणि बाजारात जी नवी आर्मेचरं मिळतात त्यातल्या कुठल्यावर डोळे मिटून घाटात जायचं?

आता मुद्दा. मला गाडी सहा व्होल्टवरून बारा व्होल्टवर न्यायची आहे.

थांब, उठू नकोस. पप्याच्या लग्नात यावरूनच आपण मांडवात भांडलो होतो, पप्याच्या सासऱ्याला वाटलं देण्याघेण्यावरून काही झालं. "ओरिजिनल ते ओरिजिनल" हे तुझं तेव्हाचं वाक्य मला पाठ आहे. पण हिशेब बघ. डायनामो ४५ वॉटचा. सहा व्होल्टवर म्हणजे साडेसात अँपिअर, तेही इंजिन चांगलं फिरत असताना. त्यातून इग्निशन कॉइल, हेडलाइट, टेललाइट, ब्रेकलाइट. ट्रकमागे रेव्ह पडले की डायनामो देतच नाही, सगळं बॅटरीतून जातं. त्यात वायरिंग जुनं, जोड गंजलेले. वाटेत अर्धा व्होल्ट गळाला तर तो मुळातल्या सहाच व्होल्टांतून जातो, आणि फिलामेंटचा उजेड व्होल्टेजच्या कितीतरी पट वेगाने पडतो. दहा टक्के व्होल्टेज कमी झालं की जवळजवळ तिसरा हिस्सा उजेड जातो. तेवढेच वॉट बाराने नेले तर करंट निम्मा आणि तारेतली गळती चौथा हिस्सा.

नुसता इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर बसवून जुना डायनामो ठेवायचा विचारही केला. कटआउटची कटकट जाते, खरं आहे. पण ब्रश तेच, कम्युटेटर तोच, आणि आर्मेचर पुन्हा चाचांच्याच भरवशावर.

झेक वापे कंपनीचा जावासाठीचा संच बघितलाय. आर्मेचरच्या जागी क्रँकच्या टोकाला चुंबकाचा रोटर, भोवती कॉइलची प्लेट. घासणारं काही नाही. साधारण १०० वॉट मिळतात. ३५ वॉटची हॅलोजन हेडलाइट, टेल, ब्रेक सगळं धरूनही शिल्लक राहतं. मुख्य म्हणजे ठिणगीची कॉइल वेगळी, ती बॅटरीकडे मागत नाही. बॅटरी पार मेली तरी गाडी घरी येते. मला याच एका गोष्टीसाठी हे हवंय. बल्ब, हॉर्न, फ्लॅशर, बॅटरी बदलावी लागेल. इंजिनापासून चेसीला जाड अर्थिंग नवीन टाकणार, रेग्युलेटर वारा लागेल असा बसवणार. मीटर लावून बॅटरीवर १४ च्या आसपास व्होल्ट दिसले की झालं. १५ च्या दिशेने गेले तर बॅटरी उकळते. एलईडी मात्र नाही. त्या जुन्या रिफ्लेक्टरमध्ये उजेड नुसता फाकतो आणि समोरच्याचे डोळे दिपतात.

आणि कुठेही कापायचं नाही, भोक पाडायचं नाही. जुना डायनामो हवा तेव्हा परत बसतो.

हे सगळं पटवून झालं तरी माझा हात अडतोय. त्या हाउसिंगवर अण्णांनी ठिणगीच्या टायमिंगची खूण केलीय, दाभणाने ओरखडा मारून. सिगारेटचा पातळ कागद ठिणगीच्या पॉइंटमध्ये धरून ते हळूहळू ओढायचे, कागद सुटला की "हां, इथं" म्हणायचे आणि आपण दोघं टॉर्च धरून उभे. तू बडोद्याला गेलास तेव्हा त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली, म्हणाले, "उभी ठेवू नकोस, चालव." ती खूण आता कपाटात जाईल. गाडी माझ्या नावावर असली तरी अण्णा तुझे होते. तुझ्या होकाराशिवाय मी पान्हा लावणार नाही. पण नाही म्हणालास तर संध्याकाळनंतर गाडी बाहेर काढणार नाही, हेही ठरवलंय. मुक्ताला गाडी शिकायची आहे. किक आणि गिअरचा लिव्हर एकच बघून तिला काय हसू आलं होतं! घाटातल्या त्या रात्रीनंतरही ती मागे हटलेली नाही. तिच्या हाती मी सहा व्होल्ट देणार नाही.

बाकी तुझं काय? फ्लॅटचा ताबा मिळाला का? सुमेधाची बदली रद्द झाली असं वहिनीच्या भावाकडून कळलं, बरं झालं. चिरंजीवांना म्हणावं मेकॅनिकलच घे, काका सांगतोय.

आणि हो, तुमच्या माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत अण्णांचा रोटर-आर्मेचर ओढायचा पुलर असणार. बोल्टचे आटे शाबूत आहेत का बघून ठेव. तुझा होकार असेल तर तो कुरिअरने धाड. गणपतीच्या आत काम उरकायचंय.

तुझा,
विश्वास