अण्णा, मी तुमचं घोरणं मोजलंय

ती. अण्णा आणि आई,

फोनवर हा विषय काढला की अण्णा "बरं बरं, घे आईशी बोल" म्हणून फोन तिकडं देतात आणि आई तू म्हणतेस "मला काय सांगतीस, त्यांना सांग", म्हणून आता लिहूनच पाठवायलेय. लांबलचक झालंय. अण्णा चष्मा लावून मोठ्यानं वाचा म्हणजे आईलापण ऐकू जाईल, आणि मधेच सोडू नका, खाली मोटारीची एक गोष्ट आहे ती तुम्हाला आवडणार.

येळवसला आलते तेव्हाचं आहे हे. दिवसभर शेतात, कोपीपुढं बसून भज्जी-आंबील हाणलेली, उंडे किती खाल्ले त्याचा हिशोब आईकडं असेल, घरी आल्यावर अण्णा तुम्ही ढाळजेत बाजेवर टेकलात आणि पाच मिनिटांत सुरू. लहानपणी मला ह्या आवाजाची उलट सोबत वाटायची, अण्णा घोरायलेत म्हणजे घरी आहेत, आता कुणी चोरबिर यायचा नाही. पण ह्या वेळेस मी जागीच होते, मोबाईल बघत पडलेली, आणि आवाज एकदम बंद झाला. वाटलं कूस बदलली असेल. बघते तर उताणेच, पोट वरखाली व्हायलंय, छाती ओढायलीय, पण नाकातोंडातून काहीच नाही. मोबाईलवर सेकंद लावले. 22. मग बोअरची मोटार हवा ओढते तसा एक मोठ्ठा खर्रर्र, दोनचार दम, परत घोरणं, परत बंद. 31 सेकंद. मग 18. अर्ध्या तासात 14 वेळा झालं आणि मग मी मोजायचं सोडलं, खरं सांगायचं तर भ्याले.

आणि त्यात आई तुझा हात. तू खाली गादीवर भिंतीकडं तोंड करून झोपलेलीस, डोळे मिटलेले, आणि आवाज जास्त वेळ थांबला की तुझा हात मागं वर जायचा, बाज चाचपायचा, अण्णांच्या दंडाला हलवायचा, ते खर्रर्र करून दम घ्यायचे की हात खाली. सकाळी चहाच्या वेळी विचारलं तर तू म्हणालीस, "अगं आवाजानं कुठं जाग येती, आवाज थांबला की येती. दहाबारा वर्षं झाले असतील." हे तू इतकं सहज म्हणालीस की मला पुढं काही बोलताच आलं नाही.

पुण्याला आल्यापासून हेच वाचायलेय. ह्याला स्लीप ॲप्निया म्हणतात. झोपेत घशाचे स्नायू ढिले पडतात, जीभ मागं सरकते आणि श्वासाची वाट चेंबते. अर्धी चेंबली की घोरणं, पूर्ण चेंबली की ती शांतता. मग मेंदू घाबरून अर्धवट जागा होतो, वाट मोकळी करतो, तुम्हाला सकाळी ह्यातलं काही आठवत नाही, म्हणून तुम्ही म्हणता "मला तर पडल्या पडल्या झोप लागती". अण्णा, पडल्या पडल्या लागते कारण रात्रभर झालेलीच नसते.

आता चौतीस वर्षं गणित शिकवलेल्या माणसाला आकडे दिल्याशिवाय पटायचं नाही. दहा सेकंद किंवा जास्त श्वास बंद राहिला तर एकदा धरतात, श्वास बराच कमी होऊन रक्तातला ऑक्सिजन घसरला तर तेपण धरतात. तासाला 5 च्या आत असलं तर ठीक, 5 ते 15 सौम्य, 15 ते 30 मध्यम, 30 च्या वर तीव्र. माझं अर्ध्या तासाचं 14 तुम्हीच दुप्पट करा. माझी मोजणी काही खरी तपासणी नाही हे मान्य, पण म्हणूनच खरी करायचीय.

तुम्ही म्हणाल सगळं गाव घोरतं. खरंय, आणि नुसतं घोरणाऱ्याला मी काही म्हणत नाही. स्पेनमध्ये साधारण दहा वर्षं पुरुषांवर लक्ष ठेवलेला एक अभ्यास 2005 साली आला, त्यात नुसतं घोरणाऱ्यांचं हृदयाचं फारसं काही बिघडलं नव्हतं, पण ज्यांचा श्वास तीव्र प्रकारे थांबत होता आणि ज्यांनी उपचार घेतले नाहीत त्यांच्यात हार्ट अटॅक, लकवा आणि त्यातले मृत्यू कितीतरी जास्त निघाले. म्हणजे आवाज नाही, थांबणं बघायचं. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये सरकारी नोकरदारांना वर्षानुवर्षं रात्री झोपवून मोजलं (तुमच्यासारखेच पगारी लोक), तिथं 2000 साली दिसलं की तासाला 15 च्या वर असणाऱ्यांना चार वर्षांत बीपी लागण्याची शक्यता जवळपास तिप्पट. तुमच्या बीपीच्या दोन गोळ्या झाल्या तरी वरचा आकडा 150 च्या खाली येईना, तुम्ही म्हणता लोणचं, आई म्हणते टेन्शन. असेलही. पण रात्रीत इतक्या वेळा गळा आवळल्यासारखं व्हायलं तर रक्तदाब खाली बसणार कधी?

दुसरं, रात्री चारदा उठता ते. शुगर तपासली, नॉर्मल. प्रोस्टेटची सोनोग्राफी झाली, काही विशेष नाही. वाट बंद असताना छाती जोर लावून ओढते, त्या ओढीनं हृदयाकडं रक्त जास्त येतं, हृदयाला वाटतं अंगात पाणी फार झालं आणि ते किडनीला निरोप धाडतं की काढा बाहेर. म्हणून लघवी. हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतच उठून बसले. सगळ्यांचं कारण हेच असतं असं नाही, पण विचारायला तर पाहिजे.

आणि मोटारसायकल. मागच्या पावसाळ्यात शेताच्या वाटेवर चारीत गेलात तेव्हा कुत्रं आडवं आलं म्हणालात. अण्णा, ते कुत्रं तुमच्याशिवाय कुणी बघितलं नाही. स्पेनमधेच 1999 साली अपघात होऊन दवाखान्यात आलेल्या ड्रायव्हरांची झोप तपासली, तर ज्यांचा श्वास थांबायचा तासाचा आकडा 10 च्या वर त्यांना अपघाताचा धोका साधारण सहापट निघाला. तपासणी होईपर्यंत दुपारी जेवल्यावर गाडी काढायची नाही, एवढं तरी ऐका.

आता मोटारीची गोष्ट. पूर्वी ह्यावर इलाज म्हणजे गळ्याला भोक पाडायचं, दुसरं खास काही नव्हतंच. 1980 साली ऑस्ट्रेलियात सिडनीला कॉलिन सुलिव्हन नावाच्या डॉक्टरनं व्हॅक्यूम क्लीनरची मोटार घेतली, हवा ओढायच्याऐवजी फुंकायला लावली आणि नळीनं पेशंटच्या नाकात सोडली. त्या हवेच्या दाबानं घशाची वाट आतून फुगलेली राहिली, चेंबलीच नाही, आणि माणूस रात्रभर सरळ झोपला. पुढच्या वर्षी पाच पेशंटवरचं हे काम छापून आलं. आजचं सीपॅप मशीन म्हणजे तेच, उशाशी डबा, नाकाला मास्क. जळालेल्या मोटारी खोलून बसणाऱ्या माणसाला हे मशीन बघायला तरी यायला काय हरकत आहे?

खोटं सांगून तुम्हाला नेणार नाही म्हणून दुसरी बाजूपण लिहिते. 2016 ला एक मोठा अभ्यास आला, आधीच हृदयाचा किंवा लकव्याचा आजार असलेले 2,700 च्या वर लोक, त्यात मशीननं पुढचे अटॅक काही कमी झाले नाहीत. पण ते लोक रात्री सरासरी 3.3 तासच मास्क लावायचे, आणि दिवसाची पेंग, घोरणं मात्र त्यांचंसुद्धा कमी झालं, मूडपण सुधारला. मूड शब्दापाशी आई हसली असेल. लाईटचंपण माझ्या डोक्यात आहे, आपल्याकडं रात्रीची लाईट कधी जाईल भरवसा नाही, पण मशीनला फार वीज लागत नाही, आहे त्या इन्व्हर्टरवर चालेल असं विचारून ठेवलंय.

मशीन लागेलच असंपण नाही. काहींचं उताणं झोपल्यानंच वाढतं, त्यांच्या बनियनला पाठीमागं खिसा शिवून चेंडू घालायचा, उताणं झालं की टोचतो. आणि वजन. विस्कॉन्सिनच्याच लोकांत वजन दहा टक्के उतरलं तर आकडा सव्वीस टक्क्यांनी उतरला. अजून एक, हसू नका, जयपूरला तीस पेशंटचा छोटासा अभ्यास 2025 ला छापून आला, काहींना सहा महिने आठवड्यातले पाच दिवस शंख फुंकायला लावला तर दिवसाची पेंग चौतीस टक्क्यांनी कमी. देवघरातला शंख तुमच्याशिवाय घरात कुणाला वाजत नाही, तो जोरात वाजवा, पण ते करतो म्हणून तपासणी टाळायची नाही. आणि आईच्या डब्यातली झोपेची गोळी अर्धी तोडून घेता ते आजपासून बंद, काही गोळ्यांनी घसा अजून ढिला पडतो. आई, तू ती देऊ नकोस.

आता तुझं. अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये 1999 ला नवराबायकोंची जोडीजोडीनं झोप मोजली, नवऱ्याला मशीन लावल्यावर बायकोची झोप रात्रीला साधारण एक तासानं वाढेल असा हिशोब निघाला. एक तास. दहा वर्षांचे किती तास झाले ते अण्णा काढतील. आणि हे फक्त बाप्यांचं दुखणं नाही, पाळी गेल्यावर बायकांनापण वाढतं, फक्त बायका घोरतात असं आपल्याकडं कुणी बोलत नाही, त्या स्वतःपण नाही. सकाळी उठल्यावर तुझं डोकं जड असतं, दुपारी भाकरी थापता थापता डोळे मिटतात, आम्ही सगळे रक्त कमी आहे म्हणून बीट खाऊ घालायलोत. त्या रात्री तूपण घोरत होतीस. अण्णांच्या आवाजात ऐकू येत नाही एवढंच.

म्हणून दोघांची तपासणी करायची. लातूरला छातीच्या डॉक्टरांशी बोललेय, दवाखान्यात झोपायची गरज नाही, तपासणीचं मशीन घरी देतात. बोटाला चिमटा, नाकाशी बारीक नळी, छातीला पट्टा, आपल्या बाजेवर झोपायचं आणि सकाळी परत. मी शनिवारी सकाळी लातूरला उतरतेय. तुम्ही दोघं पहिल्या एसटीनं या, मोटारसायकलवर नाही.

आणि आई, शिलाई मशीनच्या खणात टेप आहे. अण्णांच्या गळ्याचं माप घे, कंठाच्या हाडापाशी, ते मान आखडून घेतील, तरी घे. तुझंपण घे. डॉक्टरांनी विचारलंय, 40 सेंटीमीटरच्या वर आहे का ते. फोटोबिटो नको, नुसते दोन आकडे पाठव.

तुमची,
ताई